उशिरा आलेले हिम

जैन घरांतील मुलांची बर्फाशी पहिली ओळख पुष्कळदा पाठशाळेत होते. बावीस अभक्ष्यांची नावे पाठ करताना मध, लोणी, द्विदल यांच्याबरोबर हिम आणि गारा ही नावेही येतात, आणि कोकणच्या दमट हवेत किंवा मराठवाड्याच्या उन्हात वाढलेल्या त्या मुलाला प्रश्न पडतो की, आकाशातून पडणारे शुभ्र हिम खाण्याचा प्रसंग आपल्यावर येणार तरी कधी? शिक्षिका सांगतात की, पाण्याला ज्यांनी देह केले आहे ते अप्कायिक जीव. दव, धुके, गारा, हिम ही सारी त्यांचीच रूपे. मूल मान डोलावते आणि विसरून जाते. पुढे पंधरा-वीस वर्षांनी तेच मूल स्वतः गृहस्थ होते, लग्नसराईची गर्दी आणि मार्चअखेरचे हिशेब यांच्यामधल्या चार मोकळ्या दिवसांत पत्नी-मुलांना घेऊन काश्मीरला जाते, आणि गुलमर्गच्या उतारावर उभे राहून पहिल्यांदा त्या हिमाला हात लावते.

फेब्रुवारीच्या उत्तरार्धातली ही सहल आता अनेक व्यापारी कुटुंबांच्या परिचयाची झाली आहे. सोबत खाकरे, ठेपले आणि गरम मसाल्याचे डबे असतात. सूर्यास्तापूर्वी भोजन मिळेल अशा मुक्कामाची चौकशी आधीच झालेली असते. मात्र गेल्या काही वर्षांत या तयारीत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. निघण्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत घरातले मोठे एकमेकांना विचारत राहतात की, यंदा तिथे बर्फ आहे का?

गुलमर्ग श्रीनगरपासून साधारण पन्नास किलोमीटरवर, बारामुल्ला जिल्ह्यात, पीर पंजाल पर्वतरांगेच्या कुशीत सुमारे 2,650 मीटर उंचीवर वसले आहे. उन्हाळ्यात ते फुलांचे कुरण असते आणि हिवाळ्यात हिमाचे मैदान. 1927 मध्ये इथे स्की क्लब ऑफ इंडियाची स्थापना झाली. स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये भारतीय लष्कराने इथेच स्कीचे प्रशिक्षण देणारी शाळा उघडली; अतिउंचीवरील युद्धाचे शिक्षण देणारी आजची लष्करी संस्था तिच्यातूनच वाढली. 1998 मध्ये रज्जुमार्गाचा पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत सुरू झाला आणि 2005 मध्ये दुसरा टप्पा अफरवत पर्वताच्या खांद्यापर्यंत, म्हणजे सुमारे 3,950 मीटर उंचीपर्यंत पोहोचला. ज्या उंचीवर पूर्वी फक्त सैनिक, गिर्यारोहक आणि मेंढपाळ जात, तिथे आता सुरतेचे किंवा सांगलीचे आजोबा लोकरी टोपी घालून अर्ध्या तासात पोहोचतात. सोय मोठी आहे. तिच्यामुळे पर्वताचा स्वभाव मात्र बदललेला नाही.

काश्मिरी माणसाच्या हिवाळ्याला स्वतःचे पंचांग आहे. 21 डिसेंबरच्या सुमारास सुरू होणारे चाळीस दिवस म्हणजे चिल्लई कलान. त्यानंतर वीस दिवसांचा चिल्लई खुर्द आणि शेवटी दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. थोरला, धाकटा आणि बाळ अशी ही थंडीची तीन भावंडे. पहिला हिमवर्षाव झाला की लोक एकमेकांना ‘शीन मुबारक’ म्हणतात. शीन म्हणजे हिम. घरोघरी उन्हाळ्यात वाळवून ठेवलेला दुधी, वांगी आणि टोमॅटो या दिवसांत शिजू लागतात. पर्वतिथीला हिरवी भाजी टाळण्यासाठी सुकवणी घालून ठेवणाऱ्या जैन गृहिणीला काश्मिरी आजीची ही कोठी पाहून परके वाटण्याचे कारण नाही. दोन्हीकडे कारणे वेगळी असली, तरी पुढचे दिवस ओळखून आज राखून ठेवण्याची सवय एकच आहे.

या पंचांगात थोरल्या चाळीस दिवसांना सर्वाधिक मान आहे, कारण त्या काळात पडलेले हिम टिकते. कडाक्याच्या थंडीत ते थरांवर थर दाबून घट्ट होते, मार्च-एप्रिलपर्यंत पर्वतावर राहते आणि मग सावकाश वितळत झरे-नद्यांना पोसते. धाकट्या वीस दिवसांत किंवा त्याहून उशिरा पडलेल्या हिमाला तेवढा अवधी मिळत नाही. त्याच्या मागोमाग ऊन तापू लागलेले असते.

अलीकडे नेमके हेच घडू लागले आहे. 2024 च्या जानेवारीत गुलमर्गची जी छायाचित्रे देशभर पोहोचली, त्यांत पांढऱ्या मैदानाच्या जागी तपकिरी गवत दिसत होते. चिल्लई कलानचे बहुतेक दिवस कोरडे गेले आणि जानेवारीच्या अगदी अखेरीस हिमवृष्टीला सुरुवात झाली. पुढच्या वर्षी खेलो इंडिया हिवाळी क्रीडास्पर्धांचा गुलमर्गमधील टप्पा 22 ते 25 फेब्रुवारी 2025 या तारखांना ठरला होता. पुरेसे हिम नसल्यामुळे तो पुढे ढकलावा लागला. फेब्रुवारी संपता संपता जोरदार हिमवर्षाव झाला आणि स्पर्धा 9 ते 12 मार्च या काळात पार पडल्या. त्याच फेब्रुवारीत अनंतनाग जिल्ह्यातील अचबलचा प्रसिद्ध झरा, ज्याच्याभोवती मुघलांनी बाग रचली, तो आटल्याचे पाहून तेथील वृद्धही चकित झाले.

काश्मीरमधील हिवाळी हिम येते ते पश्चिमेकडून. भूमध्य समुद्राच्या परिसरात निर्माण होणारी कमी दाबाची क्षेत्रे उंचावरून वाहणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान ओलांडत हिमालयापर्यंत येतात. हवामानशास्त्रात त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. ती पर्वताला अडली की हवा वर चढते, थंड होते आणि तिच्यातील बाष्प हिमरूपाने खाली येते. म्हणजे गुलमर्गचा माल हजारो किलोमीटरवरून निघतो आणि वाटेत त्याचे काय होईल, यावर गुलमर्गचा काहीच अधिकार चालत नाही. एखाद्या वर्षी ही क्षेत्रे क्षीण असतात, एखाद्या वर्षी उत्तरेकडून निघून जातात, एखाद्या वर्षी उशिरा येतात. त्यात हवेचे तापमान वाढत असल्याने, जिथे पूर्वी हिम पडत असे तिथे कधी कधी पाऊस पडतो. समुद्रसपाटीपासून प्रत्येक हजार मीटर वर गेल्यावर तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. गुलमर्गचे मैदान आणि अफरवतचा खांदा यांच्यात तेराशे मीटरांचे अंतर आहे. म्हणून वर हिमवृष्टी चालू असताना खाली छत्री उघडावी लागते. दोन-तीन अंशांचा फरक पडला की हिम आणि पाऊस यांची सीमारेषा पर्वतावर काहीशे मीटर वर सरकते, आणि नवशिक्यांचे सारे उतार त्या रेषेच्या खाली राहतात.

हिंदुकुश-हिमालय प्रदेशाचा अभ्यास करणाऱ्या, काठमांडूस्थित आंतरराष्ट्रीय संस्थेने 2025 च्या हिवाळ्याचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यानुसार या संपूर्ण पट्ट्यात जमिनीवर हिम टिकून राहण्याचे प्रमाण सरासरीपेक्षा 23.6 टक्के कमी होते. तेवीस वर्षांतील हा नीचांक होता आणि सरासरीखाली जाण्याचे ते सलग तिसरे वर्ष होते. धंद्यात सलग तीन वर्षे उलाढाल घसरली तर पेढीवरील वडीलधारी माणसे त्याला योगायोग म्हणून सोडून देत नाहीत. वही उघडून बसतात.

उशिरा आलेले हिम आणि वेळेवर आलेले हिम दिसायला सारखेच शुभ्र असते, पण स्की पायात चढवलेल्या माणसाला दोहोंतील फरक पहिल्या वळणातच कळतो. जानेवारीत कोरड्या थंडीत पडलेले ताजे हिम पिठासारखे हलके असते. एक घन मीटर जागेत त्याचे वजन पन्नास ते शंभर किलो भरते. उरलेली जागा हवेची असते. स्की त्यात बुडते आणि तरंगते, पडणाऱ्याला मार लागत नाही. याच पिठासाठी युरोप-अमेरिकेतील स्कीपटू गुलमर्गला येतात. हिवाळा सरत आला की दिवसा पृष्ठभाग वितळतो, रात्री पुन्हा गोठतो आणि या रोजच्या फेऱ्यांत हिमकण एकमेकांना चिकटून जाड, गोल, जड होतात. तेवढ्याच घन मीटरमध्ये आता चारशे ते पाचशे किलो वजन भरते. माप तेच, पण माल पूर्ण निराळा.

अशा हिमावर दिवसाचा प्रत्येक प्रहर वेगळा असतो. पहाटे उतार काचेसारखा कठीण असतो आणि नवख्याची स्की त्यावर धरच घेत नाही. सूर्य वर आला की वरचा बोटभर थर सैल होतो. हा तास-दोन तासांचा काळ स्कीसाठी सर्वांत सुखाचा. दुपार झाली की तेच हिम ओल्या मिठासारखे गचगचीत होते, पाय अडकतात आणि गुडघे पिरगळतात. जुने प्रशिक्षक म्हणूनच हिवाळ्याच्या अखेरीस सकाळी लवकर हाका मारत नाहीत आणि दुपारनंतर वर्ग घेत नाहीत. हॉटेलात उशिरा उठून, नाश्ता आटोपून दुपारी दोन वाजता ‘आता शिकवा’ म्हणणाऱ्या पाहुण्याला ते नकार देतात तेव्हा पाहुण्याला तो आळस वाटतो; प्रत्यक्षात ते त्याचे गुडघे सांभाळत असतात.

याहून गंभीर गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, कारण ती पृष्ठभागाखाली असते. डिसेंबरात थोडेसे हिम पडून नंतर कित्येक आठवडे निरभ्र, कोरडी थंडी राहिली, तर त्या पातळ थरात एक बदल होतो. खालची जमीन शून्य अंशाच्या आसपास उबदार असते आणि वरचा पृष्ठभाग रात्री अतिशय थंड होतो. या फरकामुळे थराच्या आतील बाष्प खालून वर सरकत राहते आणि हिमकणांचे मोठाले, टोकदार, सुटे स्फटिक तयार होतात. ते हातात घेतले तर दाणेदार साखरेसारखे बोटांतून निसटतात. त्यांची गोळी वळत नाही. मग फेब्रुवारीत एकदम दोन-तीन फूट नवे हिम त्यावर येऊन बसते. साखर पसरलेल्या तिरप्या फळीवर जड लादी ठेवावी, तशी ही रचना होते. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर एका माणसाच्या वजनानेही ती लादी तडकू शकते आणि सारा उतार खाली येतो. त्यालाच हिमस्खलन म्हणतात.

म्हणून कोरड्या चिल्लई कलाननंतर आलेला मोठा हिमवर्षाव हा एकाच वेळी सर्वांत आनंदाचा आणि सर्वांत धोक्याचा असतो. 22 फेब्रुवारी 2024 रोजी, काही दिवसांच्या हिमवृष्टीनंतर, गुलमर्गमध्ये हिवाळी क्रीडास्पर्धा चालू असतानाच वरच्या भागात हिमस्खलन झाले. एक परदेशी स्कीपटू मरण पावला. त्याच्यासोबतच्या इतरांना वाचवण्यात यश आले. त्याच्या आदल्या वर्षी, 1 फेब्रुवारी 2023 रोजी, अफरवतच्या उतारावर दोन पोलिश स्कीपटूंचा असाच अंत झाला. अनुभव असला की धोका टळतो, असेही नाही. 8 फेब्रुवारी 2010 रोजी याच परिसरात लष्कराच्या प्रशिक्षण तुकडीवर हिमकडा कोसळला आणि सतरा जवान मृत्युमुखी पडले. पर्वतावर प्रशिक्षण घेणारी ती माणसे होती. हिमाखाली गाडल्या गेलेल्या माणसाला वाचवण्यासाठी पहिली दहा-पंधरा मिनिटेच मोलाची असतात. त्यानंतर आशा झपाट्याने मावळते. जो सोबती जवळ आहे, ज्याच्यापाशी शोधयंत्र, लांब सळई आणि फावडे आहे, तोच खरा मदतगार ठरतो. खालून येणारी मदत बहुधा उशिराच पोहोचते.

या साऱ्याची दुसरी बाजू तंगमर्गच्या घरांत दिसते. तंगमर्ग हे गुलमर्गच्या खाली तेरा किलोमीटरवरचे गाव. तिथून आणि आसपासच्या खेड्यांतून प्रशिक्षक, स्लेज ओढणारे, घोडेवाले, बूट-कोट भाड्याने देणारे आणि चहा विकणारे रोज वर येतात. 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू असलेला आरिफ खान याच परिसरातला. त्याच्या वडिलांचे गुलमर्गमध्ये स्कीच्या साहित्याचे दुकान. चार वर्षांचा असताना तो तिथे स्कीवर उभा राहायला शिकला आणि पुढे जगातल्या उत्तमांबरोबर स्पर्धेत उतरून मोठ्या वळणांच्या शर्यतीत पंचेचाळिसावा आला. दुकानदाराचा मुलगा घरच्या धंद्यातून कुठवर पोहोचू शकतो, याचे हे उदाहरण जैन पेढ्यांवरही कौतुकाने सांगण्याजोगे आहे.

पण अशा दुकानांचा हिशेब एका हंगामावर चालतो. दिवाळीच्या पंधरवड्यावर वर्षाची विक्री अवलंबून असलेल्या कापड दुकानदाराने कल्पना करावी की, दिवाळी कधी येईल हेच यंदा सांगता येत नाही. माल भरलेला आहे, जागेचे भाडे चढते आहे, नोकर बसून आहेत आणि गिऱ्हाईक फोन करून अनामत परत मागते आहे. मग सहा आठवडे उशिरा दिवाळी उजाडते आणि दहा दिवसांत संपते. त्या दहा दिवसांत त्या दुकानदाराची मनःस्थिती काय असेल? एकही गिऱ्हाईक परत जाऊ नये, एकही तास वाया जाऊ नये, असेच त्याला वाटेल. उशिरा आलेल्या हिमाच्या दिवसांत गुलमर्गचा प्रत्येक कष्टकरी याच मनःस्थितीत असतो. वाट पाहून थकलेला पाहुणा आणि वाट पाहून कर्जात बुडालेला वाटाड्या एकत्र येतात, आणि नेमक्या त्याच दिवशी पर्वत सर्वांत अस्थिर असतो. अपघाताचे मूळ पुष्कळदा या भेटीत असते.

कृत्रिम हिमाचा उपाय जगभर वापरला जातो. पाण्याचे सूक्ष्म तुषार थंड हवेत फवारले की ते गोठून खाली पडतात. बीजिंगच्या ऑलिंपिकमधील जवळजवळ सारे हिम असेच तयार केलेले होते. उत्तराखंडातील औली येथे यासाठी उंचावर एक तलावच बांधलेला आहे. परंतु या यंत्रांनाही थंडी लागते. हवा दमट असेल तर शून्याच्या खाली आणखी काही अंश तापमान उतरल्याशिवाय ती निरुपयोगी ठरतात. शिवाय वीज लागते आणि पाणी लागते. ज्या वर्षी झरे आटतात, त्याच वर्षी उतारावर फवारण्यासाठी पाणी मागणे, हा हिशेब जुळवणे कठीण आहे.

कारण हिम हा काश्मीरचा पाण्याचा ठेवा आहे. हिवाळ्यात जमा होणारी ही ठेव वसंतात आणि उन्हाळ्यात हप्त्याहप्त्याने परत मिळते. झेलमचे पाणी, भाताची खाचरे, सफरचंदाच्या बागा तिच्यावर चालतात. तेवढेच पाणी पावसाच्या रूपाने पडले तर ते चार दिवसांत वाहून जाते. सफरचंदाच्या झाडाला नीट फुलोरा येण्यासाठी हिवाळ्यात ठरावीक काळ थंडीही मिळावी लागते. थंडी लवकर सरली तर फुले आधी उमलतात आणि नंतरच्या दहिवराने जळतात. सोपोरच्या बाजारातून निघालेली सफरचंदाची पेटी नवी मुंबईच्या वाशी बाजारात उघडणाऱ्या आडत्याला म्हणूनच गुलमर्गच्या हिमाशी आपला काय संबंध, असे म्हणता येणार नाही. त्याच्या शरद ऋतूतील मालाचा दर्जा जानेवारीतल्या त्या उतारावर ठरू लागलेला असतो.

व्यापाऱ्यांच्या धर्माने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी एका वेगळ्या संदर्भात करून ठेवला आहे. श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे. दाही दिशांना आपण कुठवर जाऊ, याची मर्यादा गृहस्थाने स्वतःच आखून घ्यायची. लांबच्या प्रदेशांत तांडे घेऊन जाणाऱ्या, समुद्र ओलांडणाऱ्या व्यापाऱ्याला हे व्रत सांगितले गेले, कारण नफ्याची दिशा दिसली की थांबणे त्यालाच सर्वांत अवघड जाते. शास्त्रकारांनी या व्रताचे दोष सांगताना वरच्या दिशेची, खालच्या दिशेची आणि आडव्या दिशेची मर्यादा ओलांडणे असे वेगवेगळे मोजले आहेत. एका बाजूची मर्यादा कापून दुसऱ्या बाजूला जोडून घेणे हाही दोष आहे, आणि ठरवलेली मर्यादा ऐन वेळी विसरून जाणे हाही दोष आहे. माणसाच्या मनाची इतकी बारीक पाहणी करणाऱ्यांनी पर्वतावरील स्कीपटू पाहिला नव्हता, पण त्याचे मन त्यांना नेमके ठाऊक होते.

अफरवतवर ही मर्यादा दोरीच्या आणि फलकांच्या रूपाने उभी असते. तिच्या आतल्या उतारांवर गस्तीपथक पहारा ठेवते. बाहेरचा पर्वत कोणाच्याही हमीखाली नसतो. हिमस्खलनाचा धोका एक ते पाच अशा पायऱ्यांनी जाहीर केला जातो आणि संरक्षण संशोधन संघटनेची चंडीगड येथील प्रयोगशाळा हिमालयातील अशा धोक्याचे अंदाज देते. तिसरी पायरी ऐकून बहुतेकांना ‘मध्यम आहे, चालेल’ असे वाटते, पण अनुभवी माणसे त्याच पायरीला सर्वाधिक बिचकतात. चौथ्या-पाचव्या पायरीला लोक आपोआप घरात बसतात. तिसऱ्या पायरीला ऊन पडलेले असते, उतार मोहक दिसतो आणि माणसे बाहेर पडतात. दोरीपाशी उभ्या असलेल्या माणसाला पन्नास पावलांवर कोरे हिम दिसते. एवढ्या लांबून, एवढा खर्च करून आलो, उद्या परतीचे विमान आहे, मग आजच थोडे पुढे गेलो तर काय बिघडले, असा विचार त्याच्या मनात येतो. ठरवलेली मर्यादा विसरण्याचा दोष तो हाच.

घरून निघण्यापूर्वी घरातल्या कर्त्या माणसाने मर्यादा आखून घेतल्या तर उतारावर वाद होत नाहीत. रज्जुमार्गाचा दुसरा टप्पा वाऱ्यामुळे किंवा धोक्यामुळे बंद असेल तर तो बंदच समजायचा. ओळखी, वशिले किंवा जास्त पैसे यांचा उपयोग करायचा नाही. बंद उतारावर नेण्यास तयार होणाऱ्या वाटाड्याची गरज पाहून त्याला मोहात पाडायचे नाही. परतीच्या प्रवासात एक दिवस मोकळा ठेवायचा, म्हणजे वाईट हवामानाशी घाईने झुंजण्याची वेळ येत नाही. अग्रिम रकमेचा काही भाग हिम नसल्यास परत मिळेल का, हे आधी विचारायचे. आणि तो मिळणार नसेल, तर ती रक्कम त्या गावाच्या कठीण वर्षातला आपला वाटा आहे असे मानून भांडण टाळायचे. डोळ्यांना काळा चष्मा हवाच, कारण ताजे हिम आपल्यावर पडणाऱ्या प्रकाशाचा ऐंशी ते नव्वद टक्के भाग परत फेकते आणि उघड्या डोळ्यांची आग होते.

स्लेजचा प्रश्न मात्र अनेक जैन कुटुंबांत खरोखर अवघड होऊन बसतो. लाकडी फळीवर पाहुणा बसतो आणि एक माणूस, कधी वयस्क, त्याला दोरीने ओढत चढावर नेतो. आजींना ते पाहवत नाही. माणसाने माणसाला ओढावे हे त्यांच्या दयेत बसत नाही. नातू म्हणतो की, सगळेच बसतात. आजींची दया खरी आहे, पण बसायला नकार देऊन पुढे निघून जाणारे दहा पाहुणे भेटले तर त्या माणसाची चूल त्या दिवशी पेटत नाही, हेही तितकेच खरे आहे. काही कुटुंबांनी यातून स्वतःची वाट काढलेली दिसते. चढावर स्वतः चालायचे, स्लेजवर सामान किंवा थकलेले मूल ठेवायचे, उतारावर सावकाश बसायचे, आणि ठरलेली मजुरी घासाघीस न करता पुरी द्यायची. त्या माणसाला ‘चाचा’ म्हणून हाक मारायची, त्याच्यासोबत चहा घ्यायचा, त्याच्या मुलांची चौकशी करायची. सौदा दोन रुपयांनी कमी करण्याचे कौशल्य बाजारपेठेत शोभते. हिमाची दोन महिने वाट पाहिलेल्या माणसासमोर ते बाजूला ठेवले तर पेढी बुडत नाही.

उरतो तो पाठशाळेतला जुना प्रश्न. हिम सजीव मानले तर त्यावर घसरत जाणे योग्य की अयोग्य? साधूसाध्वींसाठी उत्तर स्पष्ट आहे. सचित्त पाण्याचा स्पर्शही ते टाळतात. गृहस्थाचे व्रत स्थूल आहे आणि त्याच्या चालण्या-बोलण्यात, धंद्या-प्रवासात काही हिंसा राहतेच. त्याला सांगितली गेली ती जयणा. जे करणे भाग आहे ते जपून करणे, आणि जे निष्प्रयोजन आहे ते सोडून देणे. निष्कारण केलेल्या हानीला अनर्थदंड असे स्वतंत्र नाव देऊन ती टाळण्याचे व्रतही त्याला दिले आहे. कोणी या विचाराने हिमाच्या सहलीला जाणारच नाही, आणि त्याचा तो निर्णय आदरणीय आहे. जो जातो, त्याने हिमाचे गोळे करून तासन्तास फेकावेत का, झऱ्याच्या काठी प्लास्टिकच्या पिशव्या टाकाव्यात का, मोटारीचे इंजिन ऊब मिळावी म्हणून तासभर चालू ठेवावे का, एवढे तरी त्याने स्वतःला विचारावे. मोटारींच्या आणि शेकोट्यांच्या धुराची काजळी हिमावर बसली की त्याचा शुभ्रपणा कमी होतो, ते अधिक उष्णता शोषते आणि अधिक लवकर वितळते. पाठशाळेत शिकवलेली अप्कायाची जपणूक आणि आजचे हवामानशास्त्र या ठिकाणी एकच गोष्ट सांगतात.

मार्च सरत येतो तेव्हा गुलमर्गच्या मैदानावर हिमातून गवताचे तुकडे डोकावू लागतात. दुकानदार भाड्याचे बूट पुसून, मोजून, पोत्यांत भरून ठेवतो आणि वहीत यंदाचा आकडा लिहितो. वर अफरवतवर अजून पांढरे दिसत असते. ते खाली येईल तेव्हा त्याचे पाणी झालेले असेल आणि तंगमर्गच्या शेतकऱ्याच्या पाटातून वाहत असेल. इकडे महाराष्ट्रात त्याच सुमारास मार्चअखेरचे हिशेब बंद होत असतात. सहलीहून परतलेल्या घरातली मुले पाठशाळेत जातात, आणि बावीस अभक्ष्यांची यादी म्हणताना हिमाच्या नावापाशी आता क्षणभर थबकतात. त्यांनी ते पाहिलेले असते, आणि ज्या चाचांनी त्यांची स्लेज धरली होती, त्यांचा चेहराही त्यांना आठवतो. पुढच्या डिसेंबरात वर्तमानपत्रात गुलमर्गची बातमी आली तर ती मुले आधी तिथे बर्फ पडला का, हे विचारतील, आणि आजीही चष्मा शोधू लागेल.